डोस वाढवण्याआधी, शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद आहे का ते पाहा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या पीएचडीचे तिसरे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहिले. तुम्ही इंदूरहून लिहिले आहे की वृषणे काढलेल्या आठ विस्टार (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांची एक जात) नरांना तीन आठवडे रोज तिळाच्या तेलातून टेस्टोस्टेरोन प्रोपिओनेट (नर-संप्रेरकाचे टोचायचे रूप) दिले जात आहे, रक्तातील पातळीही व्यवस्थित आली आहे, तरीही आठांपैकी तीन नर मादीकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि आता मार्गदर्शक डोस दुप्पट करायला सांगत आहेत. माझे मत स्पष्ट आहे: डोस वाढवू नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे, जिथे तुम्ही ओघात सांगितले आहे की शॅम गटातले, म्हणजे नुसती चीर देऊन टाके घातलेले आणि वृषणे शाबूत असलेले दोन नरही तसेच कोपऱ्यात बसून असतात. त्या दोघांना संप्रेरकाची कोणतीही उणीव नाही. तेव्हा वृषणे काढलेल्या त्या तिघांच्या थंडपणाचा दोष संप्रेरकाच्या मात्रेवर टाकण्याआधी एकच गोष्ट तपासा: वृषणे काढण्यापूर्वी या प्रत्येक नराचे वर्तन कसे होते, याची नोंद तुमच्याकडे आहे का?

माझ्याकडे ती नव्हती. माझे काम वडोदऱ्यात 2009 ते 2013 या काळात आणि फक्त विस्टार उंदरांवर झाले. माइसमध्ये (लहान आकाराच्या उंदरांच्या वेगळ्या जातीत) वाणानुसार चित्र बरेच बदलते, त्यामुळे मी सांगते ते तिथे जसेच्या तसे लावू नये. प्रयोगशाळा सोडूनही आता काही वर्षे झाली आहेत, म्हणून प्राण्यांच्या बाबतीत तुमच्या संस्थेतील पशुवैद्य आणि नैतिकता समिती यांचाच शब्द अखेरचा मानावा. भूल, शस्त्रक्रिया, मादी समागमाला तयार, म्हणजे ग्रहणशील व्हावी म्हणून तिला आधी इस्ट्राडिओल आणि चाचणीच्या सुमारे चार तास आधी प्रोजेस्टेरोन देणे, हे सारे तुम्हाला येत असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

माझी चूक एका ओळीची आहे. मी बत्तीस नर घेतले आणि एकाचीही पूर्वचाचणी न करता त्यांतल्या वीस नरांची वृषणे काढली. पूर्वचाचणी म्हणजे, प्रत्येक नराला ग्रहणशील मादीबरोबर किमान तीन-चार वेळा, आठवड्याभराच्या अंतराने ठेवायचे आणि पहिल्या आरोहणापर्यंतचा (मादीवर चढण्यापर्यंतचा) वेळ, इंट्रोमिशनची (योनिप्रवेशाची) संख्या, वीर्यस्खलनापर्यंतचा वेळ आणि त्यानंतरच्या विश्रांतीचा काळ लिहून ठेवायचा. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या मूळ आराखड्यात त्यासाठी चार आठवडे राखून ठेवले होते. पण मंजुरीचा अर्ज मी जुलैमध्ये दिला आणि ज्या कार्यालयातून तो पुढे जायचा होता तिथे तो सहा महिने पडून राहिला. प्रत्येक वेळी गेले की निराळी उणीव निघे: एकदा एका पानावर शिक्का नाही, एकदा प्रतींची संख्या कमी, एकदा बैठकच झाली नाही. या तिन्ही उणिवा पहिल्याच भेटीत एकत्र सांगता आल्या असत्या आणि ते कोणी केले नाही, याचा राग मला आजही येतो. जानेवारीत, उत्तरायणाच्या सुट्टीनंतर मंजुरी हाती आली, आणि अनुदान 31 मार्चपर्यंत खर्च करून हिशेब द्यायचा होता. प्राणी आले, त्यांना स्थिरावायला काही दिवस गेले, आणि उरलेल्या दिवसांत ते चार आठवडे बसेनात. मी पूर्वचाचणीचा टप्पा गाळला. कार्यालयाने उशीर केला हे खरे, पण टप्पा गाळण्याचा निर्णय माझा होता.

पुढे जे झाले ते तुम्ही लिहिले आहे तसेच. संप्रेरक दिलेल्या दहांपैकी चार नर बसून राहिले. मीही डोस वाढवला. काहीही बदलले नाही. शेवटी शवविच्छेदनात शुक्राशय आणि प्रोस्टेट यांची वजने घेतली, तेव्हा आरोहण करणाऱ्या आणि न करणाऱ्या नरांच्या वजनांत मला फरक दिसला नाही. वृषणे काढली की हे अवयव आक्रसतात आणि टेस्टोस्टेरोन मिळाले की पुन्हा भरतात, म्हणजे संप्रेरक शरीरभर पोचलेले होते आणि आपले काम करत होते. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला शांतपणे एकच विचारले, "या चौघांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे वर्तन काय होते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते प्रकरण प्रबंधातून काढावे लागले. प्रकरण गेल्याचे दुःख ओसरले, पण बत्तीस प्राण्यांचा जीव ज्या प्रश्नासाठी घेतला त्याचे उत्तर त्यांच्याकडून मिळूच शकत नव्हते, ही गोष्ट मनातून गेलेली नाही.

आता शास्त्र काय सांगते ते. 1849 मध्ये गॉटिंगेन येथे बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांची वृषणे काढून पुन्हा शरीरात बसवली, तेव्हा तुरा, आरवणे आणि कोंबडीमागे जाणे हे सारे परत आले. संप्रेरक काढले की वर्तन जाते, परत दिले की वर्तन येते, हे समीकरण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तिथूनच बसले आहे, आणि गटाच्या पातळीवर ते बरोबरही आहे. गडबड होते ती त्यातून 'जितके संप्रेरक तितके वर्तन' असा अर्थ काढल्यावर. 1952 मध्ये ग्रंट आणि यंग यांनी नर गिनीपिग आधी त्यांच्या स्वाभाविक वर्तनावरून जास्त, मध्यम आणि कमी कामप्रेरणेच्या गटांत विभागले, मग सर्वांची वृषणे काढली आणि सर्वांना सारख्याच प्रमाणात टेस्टोस्टेरोन प्रोपिओनेट दिले. तेव्हा प्रत्येक गट आपल्या पूर्वीच्याच पातळीवर परतला. मात्रा सारखी असूनही मंद होते ते मंदच राहिले. 1961 मध्ये व्हॅलन, बीच आणि कुएन यांनी उंदरांमधील मुळातच समागम न करणाऱ्या नरांना बाहेरून अँड्रोजेन (टेस्टोस्टेरोनसारखे नर-संप्रेरक) देऊन पाहिले, आणि त्याने ते सक्रिय झाले नाहीत. पुढे 1977 मध्ये डमासा, डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की नर उंदराचे वर्तन टिकवायला रक्तातील टेस्टोस्टेरोन नेहमीच्या पातळीपेक्षा बरेच कमी असले तरी पुरते. एक उंबरठा असतो. तो ओलांडल्यावर वर ओतलेले संप्रेरक वर्तनात उतरत नाही. फरक उरतो तो मेंदूच्या प्रतिसादात, विशेषतः मीडियल प्रीऑप्टिक भागात, आणि त्या प्राण्याच्या पूर्वानुभवात.

पूर्वानुभवाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. अनुभवी नराची वृषणे काढली तरी त्याचे वर्तन काही आठवडे टिकू शकते आणि टप्प्याटप्प्याने मावळते: आधी वीर्यस्खलन थांबते, मग इंट्रोमिशन, आणि आरोहण सर्वांत शेवटी. संप्रेरक पुन्हा दिल्यावर हाच क्रम उलटा दिसतो. म्हणून तुमच्या तक्त्यात केवळ 'समागम केला' किंवा 'नाही' असा रकाना असेल तर तो पुरेसा नाही. त्या तिघांपैकी एखादा आरोहणापर्यंत पोचत असेल, तर तो आणि मादीला नुसते हुंगून परत फिरणारा, हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि त्यांची नोंदही वेगळी हवी.

रक्ताच्या तपासणीवरही माझे थोडे कडक मत आहे. तुमची 'व्यवस्थित पातळी' एकाच नमुन्यावरून ठरवलेली दिसते. शाबूत नरात टेस्टोस्टेरोन लहरींनी स्रवते, काही तासांत ते कित्येक पटींनी वरखाली होते, आणि तेलातून रोज टोचलेल्या प्रोपिओनेटची पातळीही चढते आणि उतरते. एका सकाळच्या आकड्यावर वर्तनाशी सहसंबंध काढण्याचा मोह टाळा. स्थिर पातळी खरोखर हवी असेल तर त्वचेखाली बसवायच्या, संप्रेरक सावकाश सोडणाऱ्या सिलास्टिक कॅप्सूलचा विचार करा. शिवाय माणसांच्या तपासणीसाठी बनवलेले किट उंदराच्या सीरमवर (रक्तद्रवावर) पडताळून न पाहता वापरू नका, कारण प्रौढ उंदराच्या रक्तात माणसासारखे लैंगिक संप्रेरक बांधून ठेवणारे ग्लोब्युलिन नसते.

चाचणीच्या वेळेबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. उंदीर निशाचर आहे. सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइटखाली बसवलेला नर मादीकडे गेला नाही, तर त्यात विशेष काही नाही. प्राणीगृहात प्रकाशचक्र उलटे करून मिळाले तर करून घ्या, प्राण्यांना त्याची सवय होण्यासाठी किमान दोन आठवडे द्या, आणि मंद लाल दिव्यात चाचणी घ्या. रात्रपाळीचा पहारेकरी मध्येच दिवा लावत नाही, याची खात्री त्याच्याशी स्वतः बोलून करा. गोंगाटाचीही काळजी घ्या: आमच्याकडे नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरब्याचे लाउडस्पीकर चालत, तेव्हा घेतलेल्या चाचण्या मला बाद कराव्या लागल्या. तुमच्याकडे रंगपंचमीच्या गेरीचा (रंगाच्या मिरवणुकीचा) आठवडा त्याच कारणासाठी मोकळा ठेवा.

हाती असलेल्या प्राण्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न. त्या तीन नरांना तक्त्यातून वगळू नका, आणि शॅममधल्या दोघांनाही नाही. सगळ्यांच्या आणखी दोन चाचण्या अंधाराच्या वेळेत घ्या. प्रत्येक वेळी आपली मादी ग्रहणशील आहे हे आधी एखाद्या खात्रीच्या अनुभवी नराबरोबर पाहून घ्या, आणि शेवटी शुक्राशयाचे वजन अवश्य घ्या. मार्गदर्शकांना शॅम गटाची ती ओळ दाखवा. माझ्या अनुभवात वाद घालण्यापेक्षा तक्ता समोर ठेवण्याचा उपयोग अधिक होतो. मला पुढे बारा नरांची दुसरी तुकडी मिळाली. त्यांची पूर्वचाचणी करूनच मी पुढे गेले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे आणि संप्रेरक दिल्यानंतरचे वर्तन प्रत्येक नराच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यांशेजारी ठेवता आले आणि पहिल्यांदाच त्यातून काही वाचता आले.

तुम्हालाही नवी तुकडी मागावी लागली, तर पूर्वचाचणीचे आठवडे आणि त्यांत वगळल्या जाऊ शकणाऱ्या नरांची संख्या मूळ अर्जातच लिहा, म्हणजे नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागणार नाही. समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख आधी विचारून घ्या, सगळ्या उणिवा एकाच वेळी लेखी मागा, आणि अर्ज दिल्याची तारखेसह पोच घेतल्याशिवाय त्या कार्यालयातून बाहेर पडू नका.