सायस्मिक सर्व्हेत (जमिनीत कंपनं सोडून, परत येणाऱ्या लाटांवरून खालच्या थरांचं चित्र काढणं) फॉल्ट, म्हणजे दोन बाजू सरकलेली जमिनीतली भेग, वरच्या थरांत दिसला नाही, मग तो निष्क्रिय समजायचा का? आणि भूकंपाचा अंदाज येतो का?

नाही. ज्यांनी तुम्हाला "फॉल्ट ८० मीटर खोलीच्या वर येत नाही, सबब निष्क्रिय" असं लिहून दिलंय त्यांना आधी एवढंच विचारा, ८० मीटरच्या वर तुमच्याकडे डेटा होता का?

ठामपणे सांगतोय कारण असंच वाक्य माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं गेलंय. मी प्रोसेसिंगला होतो, म्हणजे नोंदींमधून चित्र बनवायला. आमच्या सरांची हयात तेलाच्या शोधात गेलेली, दोन-तीन किलोमीटर खालचं चित्र त्यांच्याइतकं सुंदर कोणी काढत नाही हे मान्य, पण तीच सवय इथेही, जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारे सेन्सर) २५-२५ मीटरवर, जमीन हलवायला व्हायब्रेटर ट्रक आणि प्रोसेसिंगमध्ये वरच्या भागाला सरळ म्यूट, म्हणजे तिथला डेटा पुसूनच टाकायचा. म्यूट का लावतात ते कळतं, रिफ्रॅक्शन (थराच्या कडेने वळून आलेल्या लाटा) आणि ताणले गेलेले सिग्नल स्टॅक, म्हणजे अनेक नोंदींची बेरीज, खराब करतात. पण अॅक्टिव्ह फॉल्टच्या कामात गेल्या दहा-बारा हजार वर्षांत साचलेले थर हाच तर मुख्य पुरावा, आणि ते असतात अगदी वर! तोच भाग उडवायचा आणि मग म्हणायचं तिथे काही दिसत नाही.

मी बोललो. "तुला जिथे तिथे फॉल्ट दिसतात," हे उत्तर मिळालं, तेही सगळ्यांसमोर. मग आम्ही काही जणांनी त्याच लाइनवर जिओफोन १ मीटरवर लावले आणि रात्री, ट्रॅफिकचा आवाज कमी झाल्यावर, प्लेटवर घण हाणून शॉट घेतले, एकाच जागी पुन्हापुन्हा म्हणजे स्टॅक करता येतं. फॉल्ट १५ मीटर खोलीपर्यंत थर तोडत वर आलेला स्वच्छ दिसला. सर म्हणाले मायग्रेशनचा (लाटांचे सिग्नल खऱ्या जागी नेऊन बसवायच्या गणिताचा) आर्टिफॅक्ट, म्हणजे खोटा आभास, आहे. लाटांची गृहीत धरलेली वेलॉसिटी बदलून बदलून मायग्रेट करून दाखवलं, थरांमधली पायरी तिथेच. शेवटी रिपोर्टात "निष्क्रिय"च्या आधी "बहुधा" लागलं, बस.

आणि समजा खरंच वर येत नाही, तरी काय? १९९४ चा कॅलिफोर्नियातला नॉर्थरिज भूकंप, मॅग्निट्यूड ६.७, पृष्ठभागापर्यंत न पोचलेल्या थ्रस्टवर (एक बाजू दुसरीवर चढणारा फॉल्ट) झाला. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली, तो फॉल्ट आधी माहीतच नव्हता आणि तेव्हाही वरपर्यंत फुटला नाही.

हां, घणाच्याही मर्यादा आहेत, तीस-पन्नास मीटर खाली गेलं की सिग्नल दमतो, त्यामुळे खोलसाठी ट्रक लागतोच. शिवाय फॉल्ट उभा असेल आणि जमीन नुसती आडवी सरकली असेल तर थरांत पायरीच पडत नाही, चित्र साफ कोरं दिसू शकतं. आणि सेक्शनमधून, म्हणजे थरांच्या त्या चित्रातून, वय कळत नाही, त्यासाठी बोअरहोल किंवा ट्रेंच मारून तुटलेल्या थरांचं डेटिंग करावं लागतं, मग किती सरकलं भागिले किती वर्षांत, तो स्लिप रेट.

अंदाजाचं म्हणाल तर फॉल्टची लांबी-खोली मिळाली की भूकंप केवढा होऊ शकतो ते ढोबळ सांगता येतं. कधी होईल ते विसरा.

तुम्ही एक करा, रंगीत पीडीएफवर समाधान मानू नका. रॉ शॉट रेकॉर्ड सेग-वायमध्ये (सायस्मिक डेटाचा फाइल फॉरमॅट) मागा, सोबत जिओफोन स्पेसिंग आणि म्यूट कुठे लावला ते लेखी घ्या. देत नसतील तर शेवटचं पेमेंट अडवा, आणि साहेब कितीही सीनियर असले तरी.