मोर्चा नेमका कोणाचा होता?

प्रश्न असा आहे: लंडनच्या केबल स्ट्रीटवर 4 ऑक्टोबर 1936 रोजी लोकांनी फॅसिस्टांना अडवलं. त्याच्या परिणामांवर लिहिताना ‘फॅसिस्टांचा मोर्चा’ म्हणावं की ‘संचलन’? ‘मोर्चा’ हे ‘मार्च’चंच मराठी रूप ना?

नाही, अजिबात नाही! ‘मार्च’वरून ‘मोर्चा’ हे भाषेवर अधिकाराने बोलणारेही बिनदिक्कत सांगतात, तेव्हा चीड येते. तसं असेल तर ‘मोर्चेबांधणी’ कशी होते? चालण्याची कधी बांधणी होते का? 1996 च्या केंद्र सरकारातला ‘संयुक्त मोर्चा’ काय एकत्र चालत होता? आणि ‘त्याने मोर्चा माझ्याकडे वळवला’ म्हणताना वळतं ते तोफेचं तोंड.

शब्द फारसी आहे. ‘मूर’ म्हणजे मुंगी, ‘चाल’ म्हणजे खड्डा. ‘मूर्चाल’ म्हणजे वेढा घालणाऱ्यांनी खणलेला खंदक. काही जण तो ‘मूर्चा’, म्हणजे छोटी मुंगी, इथून आणतात. कुठूनही आणा, मुंगी सुटत नाही. ती का, हे खणण्याच्या रीतीत दिसतं. चर सरळ खणला तर तटावरून सुटलेला गोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं झोडपत जातो, म्हणून तो नागमोडी न्यायचा. उपसलेली माती किल्ल्याच्या बाजूलाच टाकायची, म्हणजे आपोआप आडोसा होतो. त्याआड तोफ बसली की झाला मोर्चा. मग पुढचा चर, पुढचा मोर्चा. लांबून पाहिलं तर मुंग्यांनी वारूळ उकरल्यासारखंच दिसणार. मोर्चे असे तटाकडे सरकत जात, आणि माझ्या मते ‘चालून जाणे’ हा आजचा अर्थ त्या सरकण्यातूनच आला. ‘मार्च’च्या ध्वनिसाम्याने नंतर हातभार लावला असेल, पण जन्म दिला नाही.

आता केबल स्ट्रीट पाहा. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोस्ली याचे काळे गणवेशवाले, दोन-तीन हजार, टॉवर ऑफ लंडनजवळ रॉयल मिंट स्ट्रीटवर रांगा लावून उभे होते. ज्यू वस्तीतून जाण्याचा बेत होता. ऑल्डगेटचा गार्डिनर्स कॉर्नर हा चौक माणसांनी तुंबलेला, म्हणून पोलिसांनी दक्षिणेची अरुंद केबल स्ट्रीट मोकळी करायला घेतली. तिथे ज्यू रहिवासी आणि आयरिश गोदी कामगारांनी लॉरी आडवी पाडली, फळ्या नि सामान रचलं, घोड्यांच्या टापांखाली गोट्या टाकल्या. गल्ली अरुंद, त्यामुळे घोडदळाला बगल देता येईना. शेवटी पोलीस आयुक्त फिलिप गेम यांनी मोस्लीला पश्चिमेकडे परत पाठवलं. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने मोर्चा लोकांचा होता. गणवेश घालून, हुकमावर, रांगेत निघणार होतं ते संचलन.

हा भेद पुढे कायद्यातही उमटला, म्हणून मी त्याचा आग्रह धरतो. त्याच वर्षी सार्वजनिक सुव्यवस्था कायदा झाला आणि 1 जानेवारी 1937 पासून लागू झाला. राजकीय गणवेशावर बंदी आली. गणवेश गेला की संचलनाचा धाकच जातो. पण त्याच कायद्याने मिरवणुकांवर अटी घालण्याचा अधिकार पोलिसांना दिला. गृहमंत्र्यांच्या संमतीने लंडनमध्ये तीन महिन्यांपर्यंत बंदीही घालता येई. तो अधिकार फॅसिस्टांपुरता नव्हता. कामगारांच्या मिरवणुकाही त्यात आल्या.

आणि परिणाम म्हणून फक्त विजय लिहू नका. आठवड्याभरातच माईल एंड रोडवर ज्यू दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या. मार्च 1937 च्या लंडन काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये मोस्लीच्या पक्षाने सुमारे 23 टक्के मतं घेतली. जागा मात्र एकही मिळाली नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये मोस्ली थेम्स नदीपलीकडे बर्मंडसीत निघाला, तर तिथेही लोकांनी रस्ते अडवले.

तुमच्या वाक्यापुरतं: ‘फॅसिस्टांचं संचलन लोकांनी मोर्चे बांधून परतवलं’ असं लिहा. क्रियापद ‘बांधून’च ठेवा, ‘काढून’ लिहिलंत की तो पुन्हा ‘मार्च’ होतो.