जाहिराती न घेणाऱ्या अमेरिकन रेडिओच्या बातम्यांवर कितपत विसंबावं?

तुम्ही विचारलंय की 'डेमोक्रसी नाउ'सारखे कार्यक्रम आणि केपीएफएसारखी अमेरिकेतली जाहिरात न घेणारी, पुरोगामी म्हणवणारी रेडिओ केंद्रं युद्ध, नागरी हक्क आणि निवडणुकांच्या ज्या बातम्या देतात त्यावर विश्वास ठेवावा का, आणि आपल्याकडे असा रेडिओ का नाही.

आधी थोडक्यात सांगतो. ज्याच्यावर प्रसंग ओढवलाय त्याच्याच तोंडून तो ऐकायचा असेल, तर या केंद्रांना तोड नाही. त्यावरून केंद्रातली मंडळी जे निष्कर्ष काढतात ते मात्र दुसरीकडे पडताळून घ्यावेत. यातलं चांगलं आणि वाईट, दोन्ही त्यांच्या पैशाच्या वाटेतून आलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी काही वर्षं कॅलिफोर्नियात ओकलंडला राहायचो. गाडीत ९४.१ लागलेलं असायचं, म्हणजे बर्कलीचं केपीएफए. हे केंद्र उभारणारा लुइस हिल हा दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेला माणूस. त्याने १९४६ मध्ये पॅसिफिका फाउंडेशन काढलं आणि १५ एप्रिल १९४९ ला केपीएफए सुरू झालं. त्याचा हिशेब असा होता की प्रक्षेपणाच्या टप्प्यात राहणाऱ्यांपैकी दोन टक्के लोकांनी वर्षाला दहा डॉलर दिले तरी केंद्र चालेल, साबणवाल्या जाहिरातदाराच्या दारात जायला नको. तेव्हा एफएम पकडणारे संचच फार थोड्या घरांत होते. वर्षभरात पैसे संपले आणि १९५० मध्ये केंद्र बंद पडलं. मग ऐकणाऱ्यांनीच वर्गणी काढून १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू करायला लावलं. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन, वॉशिंग्टन अशी एकूण पाच केंद्रं झाली. ह्यूस्टनचं केंद्र १९७० मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी त्याचा ट्रान्समीटर दोनदा बॉम्बने उडवला गेला. कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेतल्या एका माणसाला त्यासाठी शिक्षाही झाली.

आता युद्ध. इराकवर हल्ला होण्याच्या तोंडावर, फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत भाषण केलं. त्याच्या मागच्या-पुढच्या आठवड्यांत, एकूण दोन आठवडे, एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि पीबीएस या चार वाहिन्यांच्या रात्रीच्या बातम्यांत कोण कोण बोललं, हे 'फेअर' नावाच्या माध्यम-निरीक्षक संस्थेने मोजलं होतं. इराकवर बोलणारे ३९३ जण निघाले. त्यात युद्धविरोधी संघटनांची माणसं तीन. तीन टक्के नव्हे, तीन माणसं! लाखो लोक रस्त्यावर उतरायच्या बेतात होते तेव्हाची ही गोष्ट. त्याच महिन्यात एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीने फिल डोनाह्यू यांचा, युद्धाबद्दल शंका घेणाऱ्यांना बोलावणारा कार्यक्रम बंद केला. आणि पुढे डावीकडे झुकलेली समजली जाऊ लागलेली वाहिनी ती हीच, हे लक्षात घ्या.

अशा वेळी पॅसिफिकाचं वेगळेपण कळतं. त्यांचे वार्ताहर काही जास्त हुशार असतात असं नाही. पण बगदादमधल्या डॉक्टरला वीस मिनिटं बोलू दिलं म्हणून कुठल्या मोटार कंपनीचा फोन येणार नसतो. फोन यायचाच झाला तर वर्गणीदाराचा, तोही अजून बोलू द्या म्हणणारा.

'डेमोक्रसी नाउ'च्या निवेदिका एमी गुडमन हे नाव तुम्हाला माहीत असेलच. त्या पॅसिफिकाच्या न्यूयॉर्क केंद्रात, म्हणजे डब्ल्यूबीएआयमध्ये असताना १२ नोव्हेंबर १९९१ ला, तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरची राजधानी 'दिली' इथे होत्या, सोबत पत्रकार अ‍ॅलन नेर्न. सांताक्रूझ स्मशानभूमीपाशी इंडोनेशियाच्या सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळीबार केला, अडीचशेवर माणसं मेली. या दोघांना बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं, नेर्नची कवटी फुटली. सैनिकांच्या हातातल्या एम-१६ बंदुका अमेरिकी होत्या. इंडोनेशिया अमेरिकेचा मित्र, त्यामुळे पूर्व तिमोरचं नाव तिथल्या वाहिन्यांवर वर्षानुवर्षं क्वचितच निघायचं. साक्ष म्हणतो मी ती अशी. इथे पक्ष कुठला, झुकाव कुठे, हा प्रश्न गौण ठरतो. तो माणूस तिथे होता की नव्हता, एवढंच बघायचं.

निवडणुकांचं सांगायचं तर 'डेमोक्रसी नाउ' हा कार्यक्रमच फेब्रुवारी १९९६ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीपुरता रोजचा कार्यक्रम म्हणून निघाला. निवडणूक संपली तरी लोक ऐकत राहिले, म्हणून चालू राहिला. २००० सालच्या मतदानाच्या दिवशीचा किस्सा प्रसिद्ध आहे. बिल क्लिंटन तेव्हा रेडिओ केंद्रांना फोन करून 'मतदानाला बाहेर पडा' असं सांगत होते. दोन मिनिटं गोड बोलायचं नि फोन ठेवायचा, असा तो मामला. डब्ल्यूबीएआयला फोन लागला आणि गुडमनबाईंनी त्यांना जवळजवळ अर्धा तास धरून ठेवलं. इराकवरचे निर्बंध, फाशीची शिक्षा, तुरुंगातले मूलनिवासी कार्यकर्ते लेनर्ड पेल्टियर यांना शिक्षामाफी, एकामागून एक प्रश्न. क्लिंटन वैतागून म्हणाले की तुम्ही वैरभावाने आणि अनादराने प्रश्न विचारताय. हे ध्वनिमुद्रण मिळवून जरूर ऐका. क्लिंटन फोन ठेवत नाहीत, उत्तरं देतात, आणि काही ठिकाणी चांगली देतात. मला तर ऐकताना दोघांबद्दलही आदर वाटतो.

२०१२ मध्ये त्यांनी आणखी एक युक्ती केली. तिथल्या अध्यक्षीय वादचर्चेत बोलायचं तर उमेदवाराला तेव्हा राष्ट्रीय जनमत चाचण्यांत पंधरा टक्के पाठिंबा लागायचा, म्हणजे दोन मोठे पक्ष सोडून बाकीचे आपोआप बाहेर. 'डेमोक्रसी नाउ'ने ओबामा-रॉम्नी चर्चेचं चित्रीकरण मध्येमध्ये थांबवलं आणि तेच प्रश्न जिल स्टाइन आणि रॉकी अँडरसन या छोट्या पक्षांच्या उमेदवारांना विचारून त्यांची उत्तरं जोडली. यातून निकाल बदलत नसतो. पण ओबामा आणि रॉम्नी किती मुद्द्यांवर एकाच सुरात बोलत होते, ते पहिल्यांदा ढळढळीत ऐकू आलं.

नागरी हक्कांच्या बाबतीत ही मंडळी नुसती बातमी देत नाहीत, बऱ्याचदा स्वतःच बातमी होतात. सप्टेंबर २००८ मध्ये सेंट पॉल शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. बाहेरच्या निदर्शनांचं वार्तांकन करणाऱ्या 'डेमोक्रसी नाउ'च्या दोन निर्मात्यांना पोलिसांनी पकडलं, विचारायला गेलेल्या गुडमन यांनाही बेड्या घातल्या. खटले मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये एक लाख डॉलरची भरपाई देऊन प्रकरण मिटलं. २०१६ मध्ये नॉर्थ डकोटात तेलवाहिनीला विरोध करणाऱ्या मूलनिवासींवर खासगी सुरक्षारक्षकांनी कुत्रे सोडले, त्याचं चित्रीकरण यांनी दाखवलं, तर गुडमन यांच्यावरच वॉरंट निघालं. पुढे आरोप ठेवला दंगलीचा! न्यायाधीशांनी तो दाखल करून घ्यायलाच नकार दिला.

मात्र एक जुना खटला त्यांच्या अंगाशीही आला. १९७३ मध्ये डब्ल्यूबीएआयने दुपारी विनोदी कलाकार जॉर्ज कार्लिन यांचा शिव्यांवरचा एक प्रयोग लावला, एका बापाने तक्रार केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पॅसिफिका हरलं. रेडिओ-टीव्हीवरच्या असभ्य भाषेवर सरकारला नियंत्रण ठेवता येतं, हा आजवर दाखला म्हणून दिला जाणारा निकाल अभिव्यक्तीसाठी भांडणाऱ्या केंद्राच्या नावाने नोंदला गेलाय.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही विश्वासाचं विचारलंय. वर्षातून अनेकदा तिथे फंड ड्राइव्ह, म्हणजे वर्गणी गोळा करण्याची मोहीम असते. त्या दिवसांत बातम्या कमी आणि 'फोन उचला, पैसे द्या' जास्त. गल्लीतल्या मंडळाची मुलं गणपतीच्या वर्गणीला दारात उभी राहतात ना, तसं, फक्त पंधरा-पंधरा दिवस. त्यातही ज्या कार्यक्रमाला जास्त पैसे येतात तो टिकतो. म्हणून वर्गणीच्या काळात या केंद्रांवरून, विशेषतः डब्ल्यूबीएआयवरून, डॉक्टरांना न पटणारे आरोग्याचे चमत्कारी उपाय आणि ९/११ च्या हल्ल्यामागे सरकारच होतं असं सांगणाऱ्या डीव्हीडी देणगीच्या बदल्यात वाटल्या गेल्या. जाहिरातदाराला दूर ठेवलं तरी कुणाला तरी खूश ठेवावंच लागतं. वर्गणीदाराला आपलं मत पुन्हा ऐकायला आवडतं, म्हणून चर्चेत तीच ती चार माणसं येतात आणि डाव्या बाजूचा एखादा हुकूमशहा असला की प्रश्नांची धार जरा बोथट होते. हे मला तिथे असताना खटकायचं, अजूनही खटकतं.

आपसातली भांडणं तर विचारू नका. १९९९ च्या जुलैत पॅसिफिकाच्या एका संचालकाचा ईमेल चुकून भलत्याच माणसांकडे गेला. त्यात केंद्र विकण्याचा विषय होता. केपीएफए आणि डब्ल्यूबीएआयची वारंवारिता व्यापारी पट्ट्यात येते, त्यामुळे तिला कोट्यवधी डॉलर आले असते. केपीएफएच्या एका निवेदकाने याची बातमी लावली, तर त्याला इमारतीतून बाहेर काढायला सुरक्षारक्षक आले. ती झटापट थेट प्रक्षेपणात ऐकू गेली! कर्मचाऱ्यांना तीन आठवडे कुलूपबंद दाराबाहेर ठेवलं, जुन्या ध्वनिफिती वाजवल्या, आणि बर्कलीच्या रस्त्यावर दहा हजारांच्या आसपास माणसं उतरली. एखाद्या रेडिओसाठी दहा हजार माणसं! केंद्र वाचलं. संचालक मंडळ निवडण्याचा अधिकार श्रोत्यांना मिळाला. त्यानंतर त्या निवडणुकांतही गट पडले ते पडलेच. 'डेमोक्रसी नाउ' २००२ मध्ये वेगळं झालं, आणि माझ्या मते म्हणूनच टिकलं. पॅसिफिकाचं कर्ज वाढत गेलं, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच्या अँटेनाचं भाडं थकलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर पॅसिफिकाने स्वतःच डब्ल्यूबीएआयच्या लोकांना घरी पाठवलं, आणि महिन्याभरात कोर्टामुळे त्यांना परत घ्यावं लागलं.

मग आपल्याकडे का नाही? पैसा हे कारण नंतरचं, आधी कायदा. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. सामुदायिक रेडिओवरही तेच बंधन. वृत्तपत्र काढा, वाहिनी काढा, यूट्यूबवर तासभर बोला, चालतं. माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक केंद्र आहे. शेती, पाणी, बचत, आरोग्य, सगळं बोलता येतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काय चाललंय ते मात्र बातमी म्हणून सांगायचं नाही. गंमत म्हणजे हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगून ठेवलंय, आणि त्या निकालपत्रात न्या. पी. बी. सावंत हे मराठी नाव आहे. बातम्यांवरची ही बंदी उठवावी म्हणून 'कॉमन कॉज' संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

तशी परंपरा आपल्याकडे नव्हतीच असंही नाही. १९४२ च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार जागा बदलत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवत होते. वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या धाकाने जे छापत नव्हती, ते चिमूर-आष्टीच्या अत्याचारांचं वर्तमान या रेडिओने दिलं. विदर्भातल्या गावात घडलेलं देशाला मुंबईतल्या चोरट्या ट्रान्समीटरवरून कळलं. शेवटी पोलिसांनी धाड घालून त्यांना पकडलं आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

तुम्हाला स्वतः ऐकून ठरवायचं असेल तर 'डेमोक्रसी नाउ' सोमवार ते शुक्रवार न्यूयॉर्कच्या सकाळी आठला थेट लागतं. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. पहिली दहा-बारा मिनिटं ठळक बातम्या, पुढे मुलाखती. इंग्रजी भरभर वाटलं तर संकेतस्थळावर पूर्ण मजकूर फुकट मिळतो. मी स्वतः आता ठळक बातम्या आणि घटनास्थळाहून बोलणारा पाहुणा असेल तर तो भाग ऐकतो. स्टुडिओत बसलेले प्राध्यापक सुरू झाले की बहुतेक वेळा बंद करतो. आणि फंड ड्राइव्हच्या आठवड्यात लावूच नका, पहिल्याच दिवशी नाद सोडाल.