चिमणा कुठं गेला?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिकेची उत्तरं (शहापूर, बेळगाव)

प्रश्न : नातीला रोज रात्री चिऊ-काऊची गोष्ट लागते. परवा ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे’ इथं आल्यावर तिनं विचारलं, ‘आजी, बाळाचा बाबा कुठाय?’ मी म्हटलं, कामाला गेलाय. आतून सूनबाई म्हणाली, ‘आई, ही गोष्ट आता बंद करा. बाईनं न्हाऊमाखू घालत बसायचं, एवढंच पोरीच्या डोक्यात जातंय.’ सून बैलहोंगलची, शिकलेली, एरवी उलट बोलत नाही. पण मला लागलं. माझ्या आजीची गोष्ट मी का सोडू?
– एक आजी, खानापूर तालुका

उत्तर : आजी, गोष्ट मुळीच सोडू नका. पण नातीनं नेमकं बोट ठेवलंय, आणि ‘कामाला गेलाय’ ही थाप आहे. चिमणा घरीच असतो.

आमच्या मीटरच्या पेटीमागे चिमण्यांचं घरटं होतं. गळ्याखाली काळा डाग असतो तो चिमणा. जागा शोधतो तोच. भोकाच्या तोंडाशी बसून चिवचिवाट करत चिमणीला बोलावतो. मग दोघं मिळून काड्या, काथ्या, कापूस आणतात. खालची अर्धी फरशी कचऱ्यानं भरते, ते झाडायला मात्र मी. अंडी दोघंही उबवतात, पण रात्री चिमणीच बसते, आणि उबेसाठी पोटाची पिसं गळतात तीही तिचीच. तेव्हा वाटणी अगदी निम्मी-निम्मी, असं नातीला सांगू नका. पिल्लं फुटली की बघण्यासारखं असतं. चिमणी आत गेलेली, आणि चोचीत हिरवी अळी धरून हे महाशय वायरवर आपला नंबर लागायची वाट बघत बसलेले. पिल्लांची शीसुद्धा चोचीत धरून दोघंही बाहेर टाकतात. न्हाऊ घालण्याचं काम चिमण्याला द्यायला तुम्हाला काहीच अडचण नाही.

सूनबाईंनाही एक विचारा. त्यांच्याकडं कन्नडमध्ये ही जोडी कागक्का आणि गुब्बक्का अशी येते. दोघीही अक्का! तुमच्या कणकुंबीला उगवलेल्या मलप्रभेच्या काठानं खाली गेलं की आपला काऊदादा बाई होतो. कोण बाप्या, कोण बाई हे सांगणाऱ्यांनी ठरवलं. कावळ्याला कुणी विचारलं नव्हतं. मग नातीसाठी तुम्ही थोडं बदललंत तर आजीच्या गोष्टीला काय धक्का लागतो?

आणि हे फक्त आज्यांचंच होतं असं समजू नका, शास्त्रज्ञही त्यात आले. पक्ष्यांत गाणं हे नराचं काम, असं बराच काळ पुस्तकांत होतं. अभ्यास करणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले, आणि तिकडं गाणारे पक्षी जास्त करून नरच. 2014 साली जगभरातल्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तर तपासलेल्या जातींपैकी 71 टक्के जातींत मादीही गाते असं निघालं. या पक्ष्यांच्या मूळ पूर्वजांतही माद्या गात असाव्यात. आपल्याकडं गंमत उलटी. चैत्रात ‘कुहू कुहू’ करणारी कोकिळा म्हणून आपण जिचं कौतुक करतो तो काळा नर असतो. ठिपक्यांची तपकिरी मादी नुसती किक्‌-किक्‌ करते.

नवीन गोष्ट हवी असेल तर तुमच्याच तालुक्यातल्या जंगलातला धनेश घ्या. मादी ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते, फक्त एक फट ठेवते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला, नंतर पिल्लांनाही, फळं भरवतो. ‘धनेशदादा, धनेशदादा, आज काय आणलंस?’ जमेल की नाही? नातीला झोप येईपर्यंत फळांची नावं पुरतील.

प्रश्न : मला तीन मुली. सासूबाई चारचौघांत म्हणतात, ‘हिच्या कुशीत मुलगा नाही.’ शास्त्र काय म्हणतं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : बाईच्या बीजात एक्स गुणसूत्रच असतं. पुरुषाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. 1905 साली नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठातल्या किड्यांवर काम करून हे दाखवलं. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत एक गुणसूत्र बारकं असतं आणि त्यावरूनच नर ठरतो, हे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. म्हणून आता नवऱ्याला बोल लावू नका. कुठलं बीज पुढं जाईल हे त्याच्याही हातात नसतं. पक्ष्यांत मात्र हे उलटं आहे, तिथं मादीवर ठरतं. तेव्हा सासूबाईंना बोल लावायचाच असेल तर अंगणातली चिमणी आहे. हे त्यांना वाचून दाखवाल तेव्हा नवऱ्यालाही शेजारी बसवा, आणि वाचायचं काम त्यालाच द्या.