वर्ग भरले, पण हात चालत नाहीत

प्रश्न : सर, मी बडोद्यात रसायनशास्त्र शिकवते. करोना सरून इतकी वर्षं झाली, तरी आमच्या कॉलेजची घडी बसलेली नाही. संकटातून विद्यापीठं सावरतात कशी?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, २००५च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं टुलेन विद्यापीठ अख्खं सत्र बंद होतं. मुलांना इतर विद्यापीठांनी सामावून घेतलं आणि जानेवारी २००६मध्ये ते पुन्हा सुरू झालं. पण स्थापत्य, यांत्रिकी असे अभियांत्रिकीचे विभागच बंद केले. मला हे पटत नाही. विभाग मोडायला एक ठराव पुरतो, उभा करायला पिढी जाते. पदवीसाठी समाजसेवा सक्तीची केली, ते मात्र उत्तम. २०११च्या भूकंपानंतर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठाने तर तंबूत वर्ग भरवले.

तुम्ही ब्युरेटपासून, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायच्या तोटीवाल्या काचनळीपासून, सुरुवात करा. व्हिडिओवर टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने द्रव मिसळून मोजणं) पाहिलेली मुलं तोटी भसकन उघडतात आणि फिकट गुलाबीच्या जागी गडद रंग घेऊन बसतात. पहिले पंधरा दिवस नुसतं हाताचं काम द्या, गुण नकोत. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी असेल, तर प्राचार्यांच्या मागे लागा. तक्रार नको, लेखी अर्ज द्या.

आणि रसायनं, जुनी रजिस्टरं तळमजल्यावर असतील तर आधी वर हलवा. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी पुरात कुठवर आली होती, ते तुम्ही पाहिलंच आहे.