गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडलं, आता काय करावं?

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. दोन वर्षांआधीपर्यंत रोज संध्याकाळी गार्डनमध्ये जायच्या, मग गुडघे दुखायला लागले, एक्स-रे काढला तर गॅप कमी झाला म्हणे, तेव्हापासून सगळं बंद. आता चालले तर उरलेली वाटी पण झिजून जाईल असं म्हणतात. दिवसभर सोफ्यावर बसून राहतात आणि हल्ली तर बाथरूमपर्यंत पण भिंत धरून जातात. त्यांना चालायला लावावं की आराम करू द्यावा? (एक सून, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : चालायला लावा. पण त्याआधी एकदा डॉक्टरकडे नेऊन आणा, कारण तुमच्या पत्रात मला गुडघ्यापेक्षा त्या भिंतीची जास्त काळजी वाटली. भिंत धरावी लागते म्हणजे तोल जातोय. झोपलेलं असताना आणि उठून उभं राहिल्यावर असं दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा, डोळे तपासून घ्या, आणि कोणती गोळी घेतल्यावर चक्कर येते का तेही विचारा.

आता वाटी झिजण्याचं. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे निम्मे लोक हेच घाबरत घाबरत बोलतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण या भीतीपायी चालती फिरती माणसं घरात बसून जातात. वाटी झिजते म्हणतात ती खरं तर कार्टिलेज, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. या कार्टिलेजला रक्तवाहिन्याच नसतात हो, त्याचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणातून, पाऊल टेकलं की दाब पडतो, उचललं की सुटतो, स्पंज दाबून सोडल्यासारखं ते वंगण आतबाहेर होत राहतं. बसून राहिलं की हे थांबतं, वरून मांडीचे स्नायू बारीक होतात आणि जो भार स्नायूंनी घ्यायचा तो सगळा सांध्यावर येतो. म्हणजे आरामानेच दुखणं वाढून राहिलंय.

2014 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, 70 ते 89 वयाचे 1635 लोक, सगळे बैठे. अर्ध्यांना चालायला लावलं, सोबत थोडे ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम, बाकीच्यांना आरोग्यावर लेक्चर. सरासरी अडीच वर्षांच्या वर हे चाललं, आणि 400 मीटर चालायची ताकद गमावण्याचं प्रमाण चालणाऱ्यांमध्ये 18 टक्क्यांनी कमी निघालं. 400 मीटर म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन वापस येण्याइतकं, पण तेवढं जमतं तोवर माणूस स्वतःच्या मनाचा मालक असतो.

सुरुवात गार्डनपासून नको, घरातच पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, तुम्ही सोबत राहा. एका गुडघ्याला जास्त त्रास असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात द्यायची, बहुतेक लोक उलटं करतात. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, घरातली सपाता नको. आणि खुर्चीवरून हात न टेकवता उठायचं, पाच वेळा, नाही जमलं तर सीटवर एक उशी ठेवून उंच करा आणि मग करायला लावा. चालताना थोडं दुखलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं जास्त असेल किंवा सूज दिसली तर वेळ कमी करा. गुडघा गरम लागला, अडकला किंवा चालताना एकदम दगा दिला तर मात्र दाखवून घ्या.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवते. मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात पारा 45 च्या वर जातो तेव्हा या वयात सात वाजताचं ऊन पण नको. माझी आई नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गॅलरीतच फेऱ्या मारायची, वाटीत वीस चिंचोके घ्यायची आणि एक फेरी झाली की एक चिंचोका कठड्यावर ठेवायची, मधेच कुणी आवाज दिला तरी मोजणी चुकत नव्हती. सासूबाईंना हे सांगून पाहा, हाताला काम असलं की मन लागतं.

प्रश्न : वय 66, रिटायर्ड. मुलाने मनगटी घड्याळ आणून दिलं, 10,000 पावलं टार्गेट आहे, माझी कशीबशी 6,500 होतात. रात्री झोपायच्या आधी हॉलमध्ये फिरून भरती करतो, तरी होत नाही. (एक वाचक, बजाजनगर)

उत्तर : काका, ते टार्गेट सोडून द्या. 10,000 चा आकडा 1965 साली जपानमधल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, डॉक्टरी संशोधनातून नाही. 2022 मध्ये 15 अभ्यास एकत्र करून पाहिले तर साठीच्या पुढच्या लोकांत मृत्यूचा धोका 6,000 ते 8,000 पावलांपर्यंत कमी होत जातो आणि मग तिथेच थांबतो असं दिसलं. म्हणजे तुम्ही पोचलेलेच आहात, बाप्पा! आता वेगाकडे बघा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग, आठवड्यात निदान 150 मिनिटं. हॉलमधल्या फेऱ्या झोपायच्या वेळी न मारता जेवण झाल्या झाल्या 15 मिनिटं मारा, जेवणानंतर वाढणारी शुगर त्याने आटोक्यात राहते. चालताना छातीत दाटून आलं, किंवा चालताना पोटरी दुखते आणि उभं राहिलं की दुखायची थांबते असं झालं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : सकाळी दवात अनवाणी चाललं की चष्म्याचा नंबर उतरतो म्हणतात. मला 12 वर्षांपासून शुगर आहे, चालू का? (एक वाचक, रेशीमबाग)

उत्तर : नका चालू. नंबर त्याने उतरत नाही. शुगरमध्ये तळव्याची संवेदना कमी होते, काटा रुतला, काच लागली तरी कळत नाही आणि त्या बारक्या जखमेतून पाय जाण्यापर्यंत वेळ येते. बूट मोजे घालूनच जा, बूट घालण्याआधी हात घालून आत खडा तर नाही ना बघा, इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखरेची पुडी ठेवा. घरी आलं की खुर्चीवर बसून आरसा जमिनीवर ठेवा, त्यावर एकेक तळवा धरून बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पाहा, वाकायला जमत नसेल तर नातवाला बसवा बाजूला, पोरांची नजर चांगली असते.