गणपतीच्या धावपळीत माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या दोन पांढऱ्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या, आता पाकीट टाकून द्यायचं का?

नाही ताई, पाकीट टाकू नका; आत्ता लगेच एक गोळी घ्या, आजची नेहमीच्या वेळेला घ्या आणि पुढचे 7 दिवस निरोध वापरा. मी कोकणातल्या एका उपकेंद्रात परिचारिका आहे. चाकरमानी घरी आले की हा प्रश्न दर भाद्रपदात येतो. पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या संप्रेरकाच्या, त्या अंडं बाहेर पडू देत नाहीत. 7 रंगीत गोळ्या लोहाच्या, त्यातली एखादी राहिली तर काही बिघडत नाही. पांढरी एकच चुकली असती तर आठवल्याबरोबर घेतली की झालं, निरोधाचीही गरज नव्हती. पण सलग दोन चुकल्या की कुठल्या आठवड्यात चुकल्या ते बघावं लागतं:

- पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि त्या दिवसांत संबंध आला असेल, तर संबंधानंतर 72 तासांच्या आत आशाताईंकडे किंवा केंद्रावर तातडीच्या गोळीबद्दल विचारा.
- तिसऱ्या आठवड्यात चुकल्या, तर उरलेल्या पांढऱ्या संपवून रंगीत सोडा, लगेच नवं पाकीट सुरू करा. त्या महिन्यात पाळी कदाचित येणार नाही, घाबरू नका.

हे फक्त माला-एनसारख्या गोळ्यांना लागू. आठवड्याच्या छाया गोळीचे नियम वेगळे. आणि बाळ अंगावर पीत असून 6 महिन्यांच्या आतलं असेल किंवा तुम्हाला रक्तदाब असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना भेटाच.